मनोरा आणि नावे

कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, लष्करी वसाहतीच्या वाटेवर वृक्षांच्या दाट छायेत उभे असलेले अफगाण चर्च मुंबईकराच्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु त्याच्या आत पाऊल टाकून भिंतींवरचे लेख वाचणारा माणूस विरळाच.

काबूलच्या तख्तावर आपल्या मर्जीतला अमीर बसवावा, या ईर्षेने कंपनी सरकारने १८३८ साली जी मोहीम काढली, तिच्यात मुंबई इलाख्याची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली सिंधच्या किनाऱ्यावर उतरली आणि बोलन घाट ओलांडून कंदाहार, गझनी व काबूल असा मुलूख तुडवीत गेली. या मोहिमेची अखेर सर्वश्रुत आहे: १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेले सुमारे साडेचार हजार शिपाई आणि त्यांच्यामागचे बारा हजारांवर बाजारबुणगे यांपैकी अगदी मोजके वगळता कोणीही बर्फाने भरलेल्या खिंडींतून जलालाबादेपर्यंत पोहोचू शकले नाही. त्या युद्धात आणि सिंधच्या स्वारीत पडलेल्यांचे स्मारक म्हणून या देवालयाची कोनशिला १८४७ साली बसविली गेली.

विलायतेहून आलेला पहिला नकाशा खर्चाच्या दृष्टीने पेलणारा नव्हता, म्हणून काम हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे आले. मुंबईला विहार तलावाचे पाणी देणाऱ्या योजनेचे कर्तेही हेच. शहराच्या गटारांची आणि पाण्याची चिंता वाहणाऱ्या या इंजिनियराने मध्ययुगीन इंग्लंडातील गॉथिक शिल्पाचे मर्म किती अचूक जाणले होते, हे इमारतीच्या संयमात दिसते. उभट, टोकदार कमानींची रांग, अरुंद खिडक्या, त्यांतल्या विल्यम वेल्स यांच्या रंगीत काचा, विल्यम बटरफील्ड यांनी योजिलेली भौमितिक नक्षीची फरशी, आणि या सर्वांना सामावून घेणारा कुर्ल्याच्या खाणीचा पिवळसर दगड यांत कोठेही ऐश्वर्याचे प्रदर्शन नाही. मुंबईतल्या नंतरच्या गॉथिक इमारती, मग त्या विद्यापीठाच्या असोत वा बोरीबंदरच्या, अधिक दिपविणाऱ्या असतील. पण शोकाला साजेसे गांभीर्य मला येथेच अधिक आढळते. देवालयाचा प्रतिष्ठापनाविधी १८५८ साली झाला, आणि बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून खूण पटावी असा १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ साली पुरा झाला. कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने त्यासाठी ७,५०० रुपये दिले.

वेदीजवळच्या भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्यासंबंधीचा स्मृतिलेख सांगतो की ही वास्तू त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या फार असल्यामुळे नावे लिहिता आली नाहीत अशा हवालदार व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ आहे. ते आजाराने वा तलवारीने, आपले कर्तव्य न विसरता मरण पावले, असेही त्यात म्हटले आहे. हा लेख प्रामाणिक आहे, आणि त्यातला शिपायांचा उल्लेख त्या काळच्या मानाने उदारही म्हटला पाहिजे. तरीही "फार असल्यामुळे" हे कारण माझ्या मनाला पटत नाही. फौजेत पगार नावानिशी वाटला जातो. ज्या सरकारला शिपायाचे नाव हजेरीपटावर चढविता आले, त्याला ते दगडावर चढविणे केवळ संख्येमुळे अशक्य होते असे कसे मानावे?

ही माणसे कोण होती याचा विचार करताना मला काहूनच्या गढीची आठवण होते. बलुचिस्तानातील मरी टोळ्यांच्या डोंगराळ मुलखातली ही गढी १८४० साली कॅप्टन लुईस ब्राउन यांच्या हुकमतीखाली मुंबईच्या पाचव्या देशी पलटणीच्या एका तुकडीने कित्येक महिने झुंजविली. तिच्या सुटकेला निघालेली कुमक ऑगस्टअखेर नफुस्कच्या खिंडीत पराभूत झाली. लढाईत पडले ते पडलेच, पण त्या भयंकर उन्हात पाण्याचा थेंब न मिळून तहानेने प्राण सोडणारेही पुष्कळ होते. अखेर मरींच्या सरदाराशी बोलणी करून गढीतल्या उरलेल्यांना सप्टेंबरात बाहेर पडता आले. मुंबईच्या फौजेत त्या काळी कोकणातल्या माणसांचा भरणा मोठा होता, आणि ही पाचवी पलटण आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होय. 'काली पांचवी' या नावाने ती अद्याप ओळखली जाते. म्हणजे ज्या युद्धाला आपण परक्यांचे साहस समजून मोकळे होतो, त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडच्या घरांतलेही कर्ते पुरुष गेले असणार. ते युद्ध अन्याय्य होते हे मान्य केल्याने त्या घरांचे दुःख उणे होत नाही.

जुन्या लष्करी दफ्तरांतून या शिपायांची जेवढी नावे हाती लागतील तेवढी, गावांच्या उल्लेखासह, देवनागरीत कोरून या वास्तूच्या आवारात लावली जावीत, अशी माझी विनंती आहे. मूळ भिंतींना हात लावण्याची मुळीच गरज नाही. आवार प्रशस्त आहे. इतिहास-संशोधकांनी आणि पलटणीतील निवृत्त मंडळींनी मनावर घेतले, तर यादीचे काम आजही सुरू करता येईल.