जन्माचा कागद कोणी दाखवायचा?

जानेवारी २०२० मध्ये शिर्डी गाव बंद राहिले. दुकानांच्या फळ्या लागल्या, खाणावळी मिटल्या. समाधिमंदिराचे दार तेवढे उघडे होते. बंदचे कारण कांद्याचा भाव नव्हता की कालव्याचे पाणी नव्हते. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये जाहीर करताना त्या गावाचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थान असा केला, एवढे निमित्त पुरले. बाबांनी आपला जन्म, आपली जात, आपले आईबाप हयातीत कधी उघड केले नाहीत, तेव्हा सरकारनेही ते परस्पर ठरवू नये, असे शिर्डीकरांचे म्हणणे होते. म्हणणे रास्तच होते. त्यात बाबांच्या अनामिकतेविषयीचा आदर किती आणि यात्रेकरूंची वाट पाथरीकडे वळेल ही धास्ती किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

तो हिशेब बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. ज्या गावाने एका फकिराच्या बाजूने ‘जन्म विचारू नका’ असे ठणकावून सांगितले, त्याच गावातील, त्याच राहाता तालुक्यातील एखाद्या वैदूच्या किंवा कैकाड्याच्या मुलाला सरकार जेव्हा विचारते की तुझा आजा कोण, त्याची जात कोणत्या कागदावर लिहिली आहे, तेव्हा कोणते दुकान बंद होते?

साईबाबांविषयी निश्चित सांगता येईल असे फार थोडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एक तरुण फकीर त्या वेळच्या कोपरगाव तालुक्यातील या आडबाजूच्या खेड्यात आला, पडक्या मशिदीत राहिला, आणि १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तेथेच वारला. त्यांच्या सहवासात राहिलेले गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी ‘श्री साईसच्चरित’ लिहिले. त्यांनाही बाबांच्या जन्माविषयी आणि मातापित्यांविषयी काही सांगता आले नाही. गावातील मोजकी घरे रोज भाकरी घालीत. भाकरी घालण्यापूर्वी त्यांनी दाखला मागितल्याचे कोठे नमूद नाही.

दाखला मागितला तो सरकारने. साईभक्तांच्या वाङ्मयात ही हकिकत प्रसिद्ध आहे. धुळ्याकडे दागिन्यांच्या चोरीत पकडलेल्या एका इसमाने, हे दागिने मला शिर्डीच्या साईबाबांनी दिले, असे सांगितले. बाबांची साक्ष नोंदवण्यासाठी अखेर कमिशन शिर्डीत आले आणि रीतीप्रमाणे प्रश्न सुरू झाले. नाव विचारले, लोक साईबाबा म्हणतात, असे उत्तर आले. बापाचे नाव विचारले; तेही साईबाबाच. पंथ विचारला, कबीर. जात विचारली, परवरदिगार. वय विचारले, लाखो वर्षे. भक्तमंडळी या हकिकतीत लीला पाहतात. राजकीय दृष्टीने पाहणाराला तीत दुसरेच काही दिसेल. ज्याच्याजवळ कागद नाही अशा माणसासमोर राज्यसंस्था आपला छापील तक्ता घेऊन बसली आहे, आणि तो माणूस तक्त्याचा एकही रकाना तिच्या सोयीने भरू देत नाही. त्या काळी कमिशनने ती उत्तरे ऐकून घेतली. आज एखाद्या गोसाव्याच्या पोराने जातीच्या रकान्यात परवरदिगार लिहिले, तर अर्ज खिडकीवरच परत येईल.

बाबांच्या मूळपुरुषाचा शोध मात्र थांबला नाही. म्हाळसापतींना बाबांनी आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे, लहानपणी फकिराच्या हवाली केलेले मूल असल्याचे सांगितले होते, या कथनाचा धागा धरून विश्वास खेर यांनी पाथरीला जाऊन तेथील घराण्यांची चौकशी केली, त्यांची कुलदैवते तपासली, आणि भुसारी या घराण्यावर बोट ठेवले. खेरांच्या चिकाटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निष्कर्ष अखेर कयासाचाच आहे, आणि समाजाला हवा असतो तो निश्चित. कारण जन्म कळला की माणूस कोणाच्या मालकीचा हे ठरते. द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी २०१४ मध्ये साईपूजेविरुद्ध मोहीम उघडली. २०२४ मध्ये वाराणसीच्या काही मंदिरांतून साईंच्या मूर्ती हलवल्या गेल्या. एकाला ते ब्राह्मण ठरलेले हवेत, दुसऱ्याला मुसलमान. या वादात इतिहास हे केवळ हत्यार असते, आणि ते हत्यार ज्याच्या हाती त्याच्या सोयीने फिरते.

आता हेच हत्यार गरिबावर कसे चालते ते पाहावे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्याने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा, अशी महाराष्ट्रातील रीत आहे. राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्याने, २००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३, जात सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्याच डोक्यावर ठेवला. म्हणजे महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीने इतिहाससंशोधक व्हायचे, आणि ते प्रवेशाची मुदत संपण्याच्या आत! गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर. हक्कनोंदी, फेरफार, क-पत्रके. जुनी असतील तर मोडीत. पाने चिकटलेली, कडा वाळवीने नेलेल्या. शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी जन्मतारीख सरसकट १ जून टाकलेली आणि जातीच्या जागी ‘हिंदू’ एवढेच लिहून पुढच्या पोराचे नाव घेतलेले. त्या गुरुजींचा दोष म्हणावा तरी कसा? साऱ्या पोरांना एका पंक्तीत बसवण्याची बुद्धी त्यांना झाली असेल; नातवंडांना तीच नडली.

ज्याला गाव आहे त्याची ही कथा. ज्याला गावच नव्हते त्याने कोणत्या कोतवालाचे बुक धुंडाळायचे? ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची नोंद झाली ती पोलिसाच्या दफ्तरात आणि वसाहतीच्या हजेरीत. तो कायदा १९५२ मध्ये गेला. स्वतंत्र देशात या माणसांचा पहिला मान असा की, आजोबांवर पोलिसांची पाळत होती हाच नातवाच्या हक्काचा उत्तम पुरावा!

आणि बाईचे काय? वंशावळ बापाकडून बापाकडे चढते. लेक सासरी गेली की नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. प्रमाणपत्रासाठी तिने माहेरच्या पुरुषांच्या दारी कागद मागत उभे राहायचे. भावाशी जमिनीवरून बिनसले असेल तर तो कागद देत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या मुलाला बापाकडचे कागद हवे असतात, आणि बाप दारात उभे करीत नाही. आईने एकटीने वाढवलेल्या मुलाच्या वंशावळीत आईला फांदीदेखील नसते.

याच मुलखात कागदाची किंमत दाखवणारे आणखी एक प्रकरण घडले आहे. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या शतकाच्या पहिल्या चरणात साखर कंपन्यांनी खंडाने घेतल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांकडील जमीन निघाली, आणि ती मूळ मालकाकडे न जाता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. कॉम्रेड माधवराव गायकवाडांसारख्यांनी ती लढाई दशकानुदशके लढवली. खंडकऱ्यांना जमीन प्रत्यक्ष परत मिळू लागली २०१२ मध्ये. करार करणारे आजोबा मातीत मिसळले होते, मग वारसांच्या याद्या, वंशवृक्ष, फेरफार. ज्यांच्याजवळ कराराचा कागद होता आणि ज्यांच्या पाठीशी संघटना होती, त्यांनाही अर्धे शतक लागले. ज्यांचे तीन-तीन पिढ्यांचे आयुष्य महामंडळाच्या चाळींत आणि उसाच्या सरीत गेले त्या शेतमजुरांचे नाव मात्र कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. ऊस कोणी लावला, हे सातबारा सांगत नाही. जमीन कोणाची, एवढेच सांगतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. खोट्या प्रमाणपत्रांनी खऱ्या आदिवासींच्या जागा पळवल्या, हे सत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये अशांच्या नोकऱ्यांचे संरक्षण काढले. त्यावर राज्य सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये अधिसंख्य पदे निर्माण करून त्यांना पुन्हा आडोसा दिला. परंतु बनावट कागद करतो कोण? ज्याची कचेरीत ओळख आहे, ज्याला दाखल-खारिज रजिस्टरात शाईचा एक फराटा मारून घेता येतो, तो. पालावरच्या माणसाला खरा कागद मिळत नाही, तो खोटा कोठून आणणार? पुराव्याची चाळण जितकी बारीक करावी तितके पीठ कागदवाल्यांचेच पडते आणि कोंडा म्हणून बाहेर फेकला जातो तो बिनकागदाचा.

सरकारला शोधायचे असेल तेव्हा मात्र ते शोधते. २०२३ मध्ये मराठा आंदोलनाचा रेटा वाढताच निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख कक्ष उघडले, मोडी वाचणारे हुडकून आणले, आणि पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. पण जे दफ्तर सापडत नाही, वाचता येत नाही, मनुष्यबळ नाही म्हणून भटक्या-विमुक्तांना वर्षानुवर्षे हात हलवीत परत पाठवले गेले, ते काही महिन्यांत वाचता येते हे या समितीने सिद्ध केले. मग तीच माणसे, त्याच कपाटांपुढे उभी असताना, तेल्याची, वडाराची, पारध्याची, महाराची नोंद दिसली की पान उलटून पुढे का गेली?

मागणी यातूनच निघते. गाव नमुना चौदा आणि जुन्या हक्कनोंदी सर्व जातींसाठी, सरकारच्या खर्चाने वाचून, देवनागरीत उतरवून गावोगाव खुल्या कराव्यात. नोंद शोधण्याची जबाबदारी अर्जदाराची नव्हे, दफ्तर ज्याच्या ताब्यात त्याची; अर्ज फेटाळायचा तर आपण काय काय तपासले हे त्याने लेखी द्यावे. जेथे दफ्तरच नाही तेथे पालावरील वृद्धांची साक्ष, जत्रेतील आणि जातपंचायतीतील आठवण, आईकडील नातेसंबंध हा पुरावा मानावा. इतिहासाचार्य राजवाडे बाडे-रुमाल हुडकत गावोगाव फिरले, त्याला आज शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. कोपरगाव म्हटले की राघोबादादाचा वाडा आठवावा, इतका त्या परंपरेचा संस्कार अजून पक्का आहे. शिर्डीत कोते, गोंदकर, शेळके या घराण्यांची नावे भक्तिवाङ्मयाने राखली. गावकुसाबाहेर राहून त्याच गावाची दवंडी देणारी, सांगावे पोचवणारी, मेलेली ढोरे ओढणारी घराणी कोणती, त्यांची वतनी जमीन १९५९ नंतर कोणाच्या नावे चढली आणि आज तिच्यावर कोणते लॉज उभे आहे, हे कोणत्या पोथीत पाहायचे?

ते काम पक्षाच्या कार्यकर्त्याला करता येण्यासारखे आहे. दाखला काढून देणे हे समाजकार्य आणि इतिहास हे प्राध्यापकांचे काम, ही वाटणी चळवळीने फार काळ सोसली. राहाता तालुक्यापासून आरंभ करावा. गाव नमुना चौदाच्या नकलेसाठी एकेकट्याने नव्हे, पंचवीस-तीस अर्जदारांनी एकत्र तहसीलवर जावे, बरोबर मोडी जाणणारा एक माणूस न्यावा, नोंद एका जातीची न उतरता पानची पान उतरवावी, आणि ज्या गावचे बुक ‘उपलब्ध नाही’ असे सांगतील त्या गावचे नाव व सांगणाऱ्याचे पद तेथल्या तेथे लिहून घ्यावे.