नकाराची वाट कोठे आहे?

मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडावे, तर मजकुराआधी पाटी आडवी येते : ‘आम्ही कुकीज वापरतो.’ खाली ‘मान्य’ हे ठळक बटण. नकाराची वाट मात्र पुष्कळदा दोन-तीन पडद्यांआड. घाईतला माणूस ‘मान्य’ दाबून मोकळा होतो. कुकी म्हणजे आपल्या यंत्रात ठेवली जाणारी लहानशी नोंद. काही नोंदी संकेतस्थळ चालण्यासाठी लागतातच. परंतु जाहिरातदारांच्या नोंदी आपण काय वाचले, काय खरेदी केले याचा माग ठेवतात, आणि त्या मागाचाच पुढे व्यापार होतो.

याला कंपन्या स्वेच्छेने दिलेली संमती म्हणतात. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या उपाशी कामगारानेही मालकाचा करार ‘स्वेच्छेने’च पत्करला, असे सांगणारे अर्थशास्त्र आपल्या परिचयाचे आहे. (कुकीमुळे कोणाची चूल विझत नाही, हे मान्य, युक्तिवाद मात्र तोच.)

युरोपात कायद्याने तो खोडून काढला. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. होकार एका टिचकीत होई, नकाराला अनेक टिचक्या लागत, हा दोष.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याची शब्दयोजना चांगली आहे. संमती मुक्त व बिनशर्त हवी. ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे. सूचना मराठीतही मिळावी. परंतु नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने संमतीची ही कलमे अठरा महिने पुढे ढकलली. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात केलेला बदल मात्र तत्काळ लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहितासाठी देता येईल, असे त्या उपकलमातच म्हटले होते. ते शब्द गेले. जनहिताची सर्वसाधारण तरतूद कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे. पण तालुक्याच्या कचेरीत लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्या कार्यकर्त्यास नकार देणे आता किती सोपे झाले, हे सांगावयास नको. शिवाय केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या कायद्यातून सूट देऊ शकते.

म्हणजे कंपनीपुढे नागरिकाचा नकार लांबणीवर आणि नागरिकापुढे सरकारचा नकार ताबडतोब! माहिती अधिकारातील ते शब्द पूर्ववत करावेत, आणि नकाराचे बटण होकाराच्या शेजारी, पहिल्याच पडद्यावर, मराठीत असावे, अशी आमची मागणी आहे.