विश्लेषण : ‘बार्सिलोना, नाहीतर मरण’... आफ्रिकी तरुणांचे परदेशी जाण्याचे स्वप्न नृत्यात कसे उतरते?

सेनेगलची राजधानी डकारपासून सुमारे 50 किलोमीटरवर तुबाब जालाव हे मच्छीमारांचे गाव आहे. तिथे समुद्राजवळ एक नृत्यशाळा आहे. तिच्या एका स्टुडिओत लाकडी फरशी नाही, वाळू आहे. आफ्रिकेच्या अनेक देशांतले तरुण तिथे नाच शिकायला येतात. याच देशाच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात लाकडी होड्या स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात. त्यांत बसलेलेही साधारण त्याच वयाचे असतात. गेली 20-25 वर्षे आफ्रिकेतले समकालीन नृत्य या दुसऱ्या तरुणांविषयी बोलते आहे. ते काय सांगते, आणि कोणाला?

‘बार्सा वाला बार्साख’ म्हणजे काय?

सेनेगलच्या वोलोफ भाषेतली ही घोषणा. यातल्या ‘वाला’चा आपल्या दूधवाला-भाजीवाल्याशी संबंध नाही, वोलोफमध्ये त्याचा अर्थ ‘किंवा’. ‘बार्सा’ म्हणजे फुटबॉलमुळे घराघरांत पोहोचलेले बार्सिलोना. ‘बार्साख’ म्हणजे बरजख, इस्लामी श्रद्धेनुसार मृत्यू आणि कयामत यांच्या मधली अवस्था. थोडक्यात, बार्सिलोना गाठू, नाहीतर मरू.

ही घोषणा 2006च्या सुमारास गाजली. त्या वर्षी 31 हजारांहून अधिक लोक होड्यांतून कॅनरी बेटांवर पोहोचले. नंतर हा मार्ग काही वर्षे थंडावला आणि पुन्हा उसळला. 2023 मध्ये 39,910 आणि 2024 मध्ये 46,843 जण तिथे उतरले. हे सगळे सेनेगलचे नव्हेत. माली, मोरोक्को, गिनीचेही होते. न पोहोचलेल्यांचा हिशेब नीट लागत नाही. जुलै 2023 मध्ये सेनेगलच्या फास बोय गावातून 101 जणांना घेऊन निघालेली होडी महिनाभराने केप व्हर्देजवळ सापडली, तेव्हा 38 जण जिवंत होते.

कारणे बरीच चर्चिली गेली आहेत. परदेशी ट्रॉलरांनी ओरबाडलेला समुद्र, हाताला काम नाही, निम्मी लोकसंख्या विशीच्या आतली. त्यांची उजळणी इथे नको. नृत्य ज्या गोष्टीला हात घालते ती वेगळी आहे.

इशाऱ्यांनी कोणी थांबते का?

युरोपीय पैशातून पश्चिम आफ्रिकेत ‘समुद्र धोक्याचा आहे’ असे सांगणाऱ्या जाहिराती, लघुपट, पथनाट्ये वर्षानुवर्षे चालू आहेत. त्यांची गोची अशी की, ऐकणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. ज्या घोषणेत मरणाचे नाव आहे, ती देणाऱ्याला मरणाची भीती घालून काय होणार?

वोलोफमध्ये ‘तुक्की’ म्हणजे प्रवास आणि ‘तेक्की’ म्हणजे यशस्वी होणे. हे दोन शब्द बोलण्यात जोडीने येतात. फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम आफ्रिकेत घर सोडून निघालेल्याला ‘साहसी’ म्हणतात, तो ‘साहसाला’ गेला असे म्हणतात. नायजेरियातल्या तरुणांचा शब्द आहे ‘जापा’, योरुबा भाषेतला, अर्थ सटकणे. यात कुठेही ‘बिचारा’ नाही. निघणे म्हणजे मोठे होणे, घरच्यांसमोर मान वर करून उभे राहणे. मराठीत परागंदा होणे ही शिक्षा आहे, वनवासही शिक्षाच. ज्याला आपण शिक्षा म्हणतो त्याचे कोणी स्वप्न का पाहावे, हा प्रश्न घेणारे नृत्य चांगले ठरते. ज्यात फक्त होडी, लाट आणि किंकाळी असते ते पोस्टरच्या पुढे जात नाही. अशी नृत्येही पुष्कळ आहेत. सोनेरी चकचकीत थर्मल ब्लँकेट आणि नारिंगी लाइफ जॅकेट रंगमंचावर इतक्यांदा येऊन गेले की, आता ते दिसले तरी काही हलत नाही.

नृत्यच का?

कारण निघणाऱ्याचे भांडवल एकच असते, त्याचे शरीर. होडीत ते दिवसेंदिवस गुडघे दुमडून बसते. सीमेवर अडवले जाते तेही तेच. पोहोचलाच तर तिथे कामाला लागते तेही तेच. नाचणाऱ्याचे भांडवलही हेच, त्यामुळे या दोघांमधले अंतर फार नाही.

तुबाब जालावची शाळा, ‘एकोल दे साब्ल’ म्हणजे वाळूची शाळा, जर्मेन अकोनी आणि त्यांचे पती हेल्मुट फोग्ट यांनी 1998 मध्ये सुरू केली. 1944 साली आजच्या बेनिनमध्ये जन्मलेल्या, सेनेगलमध्ये वाढलेल्या अकोनी यांना समकालीन आफ्रिकी नृत्याची आई म्हटले जाते. त्याआधी 1977 ते 1982 या काळात त्यांनी डकारमध्ये ‘मुद्रा आफ्रिक’ ही शाळा चालवली. तिच्यामागे राष्ट्राध्यक्ष आणि कवी सेंघोर यांच्यासोबत नृत्यकार मॉरिस बेजार होते. नावातला ‘मुद्रा’ संस्कृतातलाच; बेजार यांच्या ब्रुसेल्समधल्या मूळ शाळेचेही तेच नाव होते. 2021 मध्ये व्हेनिस बिएनालेने अकोनी यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. त्यांच्या तंत्रात छाती सूर्य आहे, नितंब चंद्र, आणि पाठीचा कणा हा सगळ्याचा गाभा.

हद्दपारी भोगलेले आणि हद्दपारीचे स्वप्न पाहणारे

काँगोचे फॉस्टिन लिन्येकुला (जन्म 1974) यांनी देश सोडला, केनियात काम केले आणि 2001 मध्ये परत येऊन किन्शासात ‘स्टुडिओज काबाको’ सुरू केला. काबाको हे त्यांच्या प्लेगने गेलेल्या मित्राचे नाव. दुसरा मित्र, लेखक अन्त्वान वुमिलिया, राजकीय कैदी होता. त्याने तुरुंगात लिहिलेल्या कवितांवर लिन्येकुला यांचे 2009 चे ‘मोअर मोअर मोअर... फ्युचर’ उभे आहे. नाव इंग्रजी पंक संगीतातल्या ‘भविष्यच नाही’ या घोषणेला दिलेले उत्तर आहे आणि संगीत किन्शासाच्या नाचगाण्यांतल्या एन्दोम्बोलोचे. वुमिलिया पुढे तुरुंगातून निसटला आणि स्वीडनमध्ये आश्रयाला गेला. ‘दिनोझोर’ या कलाकृतीत त्याची कहाणी येते, सोबत मोझार्टचे मृत्युसंगीत. एक मित्र मेला, एक परागंदा, एक परत आला. ‘कोण सुटले?’ याचे उत्तर ही कलाकृती प्रेक्षकाला देत नाही.

लागोसचे कुडुस ओनिकेकू यांच्या 2010च्या एकल नृत्याचे नावच ‘माझी हद्दपारी माझ्या डोक्यात आहे’. प्रेरणा वोले सोयिंका यांच्या तुरुंगातल्या आठवणींची. यादवी युद्धाच्या काळात सोयिंका यांना दीर्घकाळ एकांतकोठडीत ठेवले होते. ओनिकेकू तेव्हा फ्रान्समध्ये होते. म्हणजे लागोसच्या अनेक तरुणांना जे हवे ते त्यांना मिळाले होते, आणि नृत्यात दिसते ते स्वतःच्याच अंगात कोंडलेले शरीर. पुढे ते लागोसला परतले आणि तिथे स्वतःचे नृत्यकेंद्र उभारले.

स्वप्नाला मूर्ख न म्हणता त्याचा दुसरा काठ दाखवणे जमले आहे ते इथे. पण एक अडचण मान्य करायला हवी. परतण्याची निवड त्यांना करता आली, कारण आधी जाता आले. ज्याने व्हिसा कधी पाहिलाच नाही, त्याला ‘परत ये’ म्हणण्यात अर्थ नसतो.

सगळे युरोपलाच निघाले आहेत का?

नाही, आणि हा मुद्दा होड्यांच्या बातम्यांत हरवतो. आफ्रिकेतले बहुतेक स्थलांतर आफ्रिकेतच होते, शेजारच्या देशात किंवा शेजारच्या शहरात. 2012 नंतर मालीतून पळालेले हजारो लोक बुर्किना फासोतल्या छावण्यांत राहिले. नृत्यकार सालिया सानू यांनी तिथे कार्यशाळा घेतल्या. छावणीत सर्वात जड असते ते थांबून राहणे. वेळ असतो, जायला जागा नसते. त्या अनुभवातून 2016 मध्ये ‘क्षितिजांची ओढ’ अशा अर्थाच्या नावाचे नृत्य आले. 

सर्ज एमे कुलिबाली यांनी ‘किरिना’ (2018) मध्ये प्रश्न आणखी मागे नेला. 1235 च्या सुमारास झालेल्या किरिनाच्या लढाईनंतर माली साम्राज्य उभे राहिले. त्या गाथेतून त्यांनी लोकसमूहांचे चालत राहणे उचलले. संगीत रोकिया त्राओरे यांचे, शब्द सेनेगलचे विचारवंत फेलविन सार यांचे. ‘स्थलांतराचे संकट’ हा शब्दप्रयोग ज्यांना कालपरवाचा वाटतो, त्यांनी हे पाहायला हवे. माणसे त्या प्रदेशात शतकानुशतके चालत आली आहेत, मधल्या चौक्या नव्या आहेत.

पण हे पाहते कोण?

इथे खरे दुखणे आहे. समकालीन आफ्रिकी नृत्याचा मोठा आर्थिक आधार फ्रान्स आणि युरोप. या नृत्याची महत्त्वाची स्पर्धा 1995 मध्ये अंगोलातल्या लुआंडात सुरू झाली, ती फ्रेंच सांस्कृतिक यंत्रणेच्या पाठबळावर. पुढे ती ‘दान्स लाफ्रिक दान्स’ नावाने शहरोशहरी फिरली. अनेक नृत्यकारांची नावे तिथूनच पुढे आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निर्मितीचा पैसा, तालमीची जागा आणि दौऱ्याच्या तारखा जिथून येतात, तिथला प्रेक्षकही ठरलेला असतो. होडीत बसायचे की नाही हे ज्या गावात ठरते, तिथे हे नृत्य क्वचितच पोहोचते. जिथे ते दिसते तिथे होडीत बसण्याची वेळ कोणावर येत नाही.

पिना बाउश यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चे उदाहरण बोलके आहे. अकोनींच्या शाळेत 14 आफ्रिकी देशांतल्या तीसहून अधिक नर्तकांनी ते बसवले. मार्च 2020 मध्ये डकारला प्रयोग होणार होता, कोविडने तो रद्द झाला. पांगण्याआधी सगळे तुबाब जालावच्या किनाऱ्यावर मावळतीच्या उजेडात एकदा नाचले, त्याचे चित्रीकरण जगाने घरी बसून पाहिले. नंतर हे नृत्य युरोप-अमेरिकेच्या मोठ्या रंगमंचांवर गेले.

तिथवर जायलाही व्हिसा लागतोच. 2024 मध्ये सेनेगलमधून आलेल्या शेंगेन अर्जांपैकी सुमारे 46 टक्के नाकारले गेले. भारतीयांचे प्रमाण साधारण 15 टक्के होते. अर्जाचे 90 युरो परत मिळत नाहीत. नकाराचे एक नेहमीचे कारण ‘तुम्ही मुदतीत परत जाल याची खात्री वाटत नाही’ हे. आपल्याकडे व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे वाक्य ओळखीचे असेल. हद्दपारीवर नाचणाऱ्या तरुणाला बँकेचे पासबुक दाखवून सिद्ध करावे लागते की, आपण राहायला येत नाही आहोत.

सप्टेंबर 2023 मध्ये तर फ्रान्सच्या सांस्कृतिक यंत्रणेकडून अनुदानित संस्थांना पत्र गेले : माली, नायजर आणि बुर्किना फासोच्या संस्था व कलाकारांशी सहकार्य थांबवा. तिन्ही देशांत लष्कराने सत्ता घेतली होती आणि फ्रान्सशी बिनसले होते. गदारोळ झाल्यावर सांस्कृतिक मंत्र्यांनी बहिष्कार नसल्याचा खुलासा केला. त्या देशांतले व्हिसाचे काम मात्र बंदच होते. सरकारांचे भांडण लष्करशहांशी होते, दार बंद झाले ते नाचणाऱ्यांना.

मग घरी काय उभे राहते आहे?

म्हणूनच या सगळ्या नृत्यांपेक्षा त्या मंडळींनी उभारलेल्या जागा महत्त्वाच्या वाटतात. लिन्येकुला यांनी 2006 मध्ये आपला स्टुडिओ राजधानीतून किसांगानीला हलवला, जिथे ते शिकले होते. त्याच वर्षी सानू आणि सेदू बोरो यांचे ‘ला तर्मितिएर’, म्हणजे वारूळ, हे केंद्र वागाडुगूत उघडले. अकोनींची शाळा आजही चालू आहे, जरी शेजारच्या न्दायानला 2022 पासून मोठे बंदर उभे राहते आहे आणि किनारा पूर्वीचा राहिलेला नाही. ही केंद्रे होड्या थांबवत नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये. शिकायला, घाम गाळायला, लोकांसमोर उभे राहायला परदेशीच जायला हवे, एवढी एक अट ती कमी करतात. त्यासाठीचा पैसा युरोपऐवजी त्या-त्या सरकारांनी द्यायला हवा होता. तो बहुतांशी दिलेला नाही.

कुलिबाली यांनीही बुर्किना फासोतल्या आपल्या गावात, बोबो-दिउलासोमध्ये, असे केंद्र काढले आहे. तिथे तरुण तालमीला येतात. केंद्राचे नाव ‘अन्काता’. दिउला भाषेत त्याचा अर्थ ‘चला, निघू या’.