विश्लेषण : १९व्या वर्षी डब्ल्यूएनबीएमध्ये… मलोंगाने घाई केली का?

फ्रान्सची बास्केटबॉलपटू डॉमिनिक मलोंगा हिला एप्रिल २०२५मध्ये सिअ‍ॅटल स्टॉर्मने डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतले. तेव्हा ती १९ वर्षांची होती. अमेरिकी मुलींना साधारणपणे कॉलेज संपेपर्यंत, २२व्या वर्षापर्यंत थांबावे लागते. परदेशी खेळाडूने त्या वर्षात विशी गाठली तरी चालते.

मग ही घाई झाली का? तसे वाटत नाही. चर्चा तिच्या सहा फूट सहा इंच उंचीची आणि ‘डंक’ची होते. पण उंची उपजत असते, अनुभव कमवावा लागतो. तो तिने फ्रान्समध्ये क्लबकडून, वयाने मोठ्या व्यावसायिक खेळाडूंशी झुंजत कमावला. १८व्या वर्षी ती पॅरिस ऑलिम्पिकच्या रौप्यविजेत्या संघात होती. अंतिम सामना अमेरिकेने ६७-६६ असा अवघ्या एका गुणाने जिंकला.

सिअ‍ॅटलमध्ये सुरुवातीला तिच्या वाट्याला बाकावर बसणेच अधिक आले. मोसमाच्या उत्तरार्धात संधी वाढली, तसा खेळही बहरला. अशा खेळाडूला पहिल्या महिन्याच्या गुणांवरून जोखणे, हीच खरी घाई.