पैठण रोडची लोहयुक्त बाजरी

हायब्रीड म्हटले की आपल्या घरातल्या आज्या अजूनही नाक मुरडतात. 1964 साली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-1 आली, उत्पन्न वाढले. पण तिच्या भाकरीला मालदांडीची चव नव्हती. ही नाराजी आम्हाला मान्य आहे. तरीही आपल्याच शहरात तयार झालेल्या हायब्रीड बाजरीबद्दल आज मुद्दाम लिहावेसे वाटते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पैठण रोडवर संशोधन केंद्र आहे. तिथून 2017 साली एएचबी 1200 आणि 2018 साली एएचबी 1269 हे वाण निघाले. (नावातला ‘ए’ औरंगाबादचा. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले, वाणाचे तेच राहिले.) नेहमीच्या बाजरीत किलोमागे 45 ते 50 मिलिग्रॅम लोह असते, 1200 मध्ये ते 73 आहे आणि 1269 मध्ये 91.

हे लोह वरून फवारलेले नाही, पिठात मिसळलेलेही नाही. काही झाडे मुळातच दाण्यात जास्त लोह साठवतात. ती निवडायची, त्यांचा संकर करायचा, दाणे प्रयोगशाळेत तपासायचे, कमी लोहाचे बाजूला काढायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. शिवाय वाण गोसावी रोगाला टिकला पाहिजे. नाहीतर कणसात दाण्यांऐवजी पानेच फुटतात. सत्तरच्या दशकात एचबी-3 या गाजलेल्या वाणाची या रोगाने दाणादाण उडवली होती.

2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभरातील 54 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. राहुरी कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेची ‘धनशक्ती’ ही अशीच लोहयुक्त बाजरी. तिची भाकरी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलांना देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला.

अडचण पुढेच आहे. आडतीवर पोते रिकामे झाले की वाणाचे नाव पुसले जाते. भाव ठरतो वजनावर आणि रंगावर. लोह डोळ्यांना दिसत नाही. अंगणवाडीच्या आहारासाठी वाणाचे नाव सांगून बाजरी खरेदी व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गावाकडे शेती असलेल्यांनी बियाण्याच्या पिशवीवर नाव वाचून घ्यावे. संकरित असल्याने बियाणे दरवर्षी नवे लागते. पीठ थोडेच दळावे, ते लवकर कडू होते. भाकरीबरोबर लिंबू घ्यावे. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी कमी लागते. आणि दवाखान्याने दिलेली लोहाची गोळी भाकरीच्या भरवशावर कोणी बंद करू नये.