९८० वर, २,४०० खाली

नाशकात बसून मी वेबसाइटचे तक्ते बनवतो. वेबसाइट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सरकते फोटो येतात. माझं बहुतेक काम मात्र रकान्यांचं आणि ओळींचं: बाजारभाव, पाणीपट्टीची थकबाकी, गुणवत्ता यादी, सोसायटीचे सभासद. यातले बरेच तक्ते मराठी वाचकाला चुकीचं उत्तर देतात, आणि तेही इतक्या साळसूदपणे की कुणाला शंकाच येत नाही.

ओळखीच्या एका कांदा उत्पादकाने मला मोबाइलवर असाच एक तक्ता दाखवला. कुठल्या बाजाराचा, ते सोडा. ‘कमाल भाव’ या शीर्षकावर बोट दाबलं की सगळ्यात चढा भाव वर यायला हवा. वर आला ९८०. त्याखाली २,४००, मग १,८५०. मोबाइल धड होता. हे आकडे आहेत, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तो पहिलं चिन्ह बघून मजकूर लावत होता, आणि त्यात ९ पुढे, २ मागे. बरं, आकडा करायला जावं तर स्वल्पविराम आडवा येतो. इंग्रजी अंकांतले दोन हजार चारशे स्वल्पविरामासकट जावास्क्रिप्टच्या ‘पार्सफ्लोट’कडे दिले, तर ते स्वल्पविरामापाशीच थांबतं आणि नुसते दोन परत करतं. देवनागरी अंक दिले तर हा आकडाच नाही म्हणतं.

पानांचा घोळ वेगळाच. ‘डेटाटेबल्स’ हे गाजलेलं तयार अवजार आपण काही सांगितलं नाही तर एका पानावर दहाच ओळी दाखवतं. यादी हजारोंची असेल तर सर्व्हरकडून थोड्या थोड्या ओळी मागवणं शहाणपणाचंच. पण मग क्रमही सर्व्हरनेच, सबंध यादीचा लावायला हवा. पुष्कळ ठिकाणी समोरच्या दहा ओळीच तेवढ्या वरखाली होतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यात चांगला भाव सापडला. सापडलेला असतो त्या पानापुरता. (सोळा सभासदांच्या यादीलाही दोन पानं पाडणारे महाभाग आहेत. छापायला जावं तर दहाच नावं कागदावर येतात.)

आणि आपला ळ! राज्य सरकारने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, तिच्यात ळ येतो ह नंतर. युनिकोड या संगणकाच्या अक्षर-संकेतांकांच्या तक्त्यात मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. नुसत्या संकेतांकांवर क्रम लावला की काळे येतात काशिदांच्या आधी. शाळेच्या हजेरीपटावर काशिदांनंतर काळे शोधायची सवय असलेले गुरुजी स्क्रीनवर नाव शोधत बसतात. भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय ब्राउझरमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ आहे. भाषा मराठी आहे, एवढं सांगायचे कष्ट घ्यावे लागतात.

ते घेतले जात नाहीत, कारण तपासणी होते ती इंग्रजी नावांच्या आणि सुट्या, स्वच्छ आकड्यांच्या नमुन्यावर. त्यावर सगळं छान चालतं. दोष आम्हा बनवणाऱ्यांचा आहेच. पण काम देणाराही ‘सॉर्टिंग व पेजिनेशनसह तक्ता’ एवढ्या एका ओळीत मोकळा होतो. शीर्षकाशेजारी बाण दिसला की काम झालं, असं दोघंही धरून चालतात.

म्हणून बाजार समित्यांचे सचिव, मुख्याध्यापक आणि सोसायट्यांचे चिटणीस यांना विनंती आहे. ठेकेदाराचं बिल मंजूर करण्यापूर्वी तुमची खरी यादी, तुमच्याच अंकांत आणि तुमच्याच नावांसह, त्या तक्त्यात भरायला लावा. भावाच्या शीर्षकावर बोट दाबा. काळे आणि काशिद कुठे बसतात ते पाहा. शेवटच्या पानावर जाऊन तिथे पहिल्या पानावरच्याहून चढा भाव लपलेला नाही ना, तेही बघा. असेल तर सही करू नका.