निकाल लागला, डोंगर तिथंच

16 जानेवारी 2026 ला मुंबई महापालिकेचा निकाल लागला. वस्तीत गुलाल उडाला, बँजो वाजला, फटाक्यांच्या माळा लागल्या. रात्री उशिरा बँजो थांबला, वारा फिरला आणि देवनारचा वास नेहमीसारखा घरात शिरला. जिंकलेल्याच्या घरात शिरला, पडलेल्याच्याही घरात शिरला.

पुढच्या रविवारी आमची बैठक होती. एरवी पंधरा-वीस पोरं असतात. चार आली. त्यातला एक कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामाला आहे, रात्रीच्या कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "दादा, आता बस्स. दोन महिने पत्रकं वाटली, सह्या जमवल्या, धुराबद्दल घसा फोडून बोललो. लोकांनी पाचशेची नोट घेतली नि मोकळे झाले. आता या शहराचं काय व्हायचं ते होऊ दे. समुद्र येतो म्हणतात ना? येऊ दे. मी दुबईचं बघतो."

आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. हे संपादकीय त्याच्यासाठी आहे आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे, जे आज चहाच्या टपरीवर मान खाली घालून बसलेत.

पहिली गोष्ट कबूल करू. निराश व्हायला कारण आहे. 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं या शहरात नगरसेवक नव्हता. प्रशासकाचं राज्य होतं. जाब विचारायला कुणी माणूसच नव्हता. मग निवडणूक आली आणि 227 पैकी 118 जागा महायुतीच्या पदरात पडल्या. हे लोक राज्यात आधीच बसलेत. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेत त्यांना 230 जागा मिळाल्या होत्या. त्याच निवडणुकीच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरात, त्यांच्याच सरकारनं देवनारच्या डंपिंगची 124 एकर जमीन धारावीतल्या माणसांना बसवायला मंजूर केली. कचऱ्याच्या डोंगरावर माणसं ठेवायची! हा निर्णय घेऊन ते मतं मागायला आले, आणि मतं घेऊन गेले. तेव्हा पोरगा म्हणतो ते खोटं नाही.

पण दोस्तहो, हा डोंगर या निवडणुकीनं उभा केलेला नाही. 1927 साल आपण विसरत नाही. त्या सालच्या 20 मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. देवनारच्या डंपिंगचं सालही 1927 च सांगतात. तिकडं माणूस पाण्यावरचा हक्क मागत होता, इकडं शहर आपली घाण कुणाच्या उशाशी टाकायची ते ठरवत होतं. शंभर वर्षं होत आली. दरम्यान इंग्रज गेला, काँग्रेस आली, सेना आली, भाजप आला. गोराईचं डंपिंग बंद झालं. मुलुंडचं 2018 ला बंद झालं. पुढं बराचसा कचरा कांजूरला जाऊ लागला. देवनार मात्र बंद झालं नाही. आता तर 2025 मध्ये पालिकेनं तिथला 185 लाख टन जुना कचरा उपसायची निविदा काढली. इतकी वर्षं आम्ही ओरडत होतो तेव्हा हा कचरा कुणाला दिसला नाही. जमिनीला भाव आला, तेव्हा दिसला.

गावाकडं बहुतेक ठिकाणी महारवाडा गावाच्या पूर्वेला. वारा पश्चिमेचा. आधी तो गावाला लागणार, मग गावाचा वास घेऊन आमच्याकडं येणार. मुंबईला आलो तेव्हा वाटलं, गावकूस मागं राहिलं. कुठलं राहिलं? गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, चेंबूरचा मागचा भाग बघा. पूर्वेलाच आहे. डंपिंग इथं, कत्तलखाना इथं, रिफायनऱ्या शेजारी, इस्पितळांचा कचरा जाळायची भट्टीही इथंच आणली. 2009 साली पालिकेच्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत एम-पूर्वचा नंबर शेवटचा लागला. त्या तळाशी कोण राहतं? दलित, मुसलमान, गावाकडून दुष्काळानं हाकललेले. शासनाच्या कागदात याला पर्यावरण म्हणतात. आमच्या भाषेत ही जातच आहे.

आता आपली चूक. ती आपल्यालाच सांगायला पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो की पर्यावरण म्हणजे दादर-पार्ल्याच्या पोटभरल्या लोकांचा छंद. पक्षी मोजणारे, झाडाला मिठी मारणारे. आमचा प्रश्न भाकरीचा, इज्जतीचा, आरक्षणाचा. अशानं आम्ही आमच्याच छातीतला धूर दुसऱ्याच्या खात्यावर मांडला. 2016 च्या जानेवारीत डंपिंग पेटलं, दिवसेंदिवस जळत राहिलं, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अवकाशातल्या उपग्रहाला तो धूर दिसला. आमच्या नेत्यांना दिसला नाही. ते तेव्हा कोणत्या गटाचा निळा झेंडा खरा, यावर भांडत होते.

तो डोंगर पेटतो कशानं, हेही समजून घ्या. ओला कचरा दाबून ठेवला की आत हवा जात नाही, तो सडतो, मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. आणि पेटला नाही, वर गेला, तर पृथ्वी तापवतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट. जगातले शहाणे एसीत बसून ज्या तापमानावर चर्चा करतात, त्याचा एक कारखाना आपल्या पत्र्याच्या घरामागं आहे. तो पत्रा मे महिन्यात किती तापतो, ते त्यांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. तेव्हा या प्रश्नावर बोलायचा पहिला हक्क कुणाचा?

काही जण म्हणतात, सगळे पक्ष सारखेच, मतदान हे नाटक आहे, सोडून द्या. हेही पुरतं खरं नाही. आरेचं बघा. 2019 च्या ऑक्टोबरात एका रात्रीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला घेतली. दोन हजारांवर झाडं गेली, 29 जणांना अटक झाली. सरकार बदललं, 2020 मध्ये कारशेड कांजूरला न्यायचं ठरलं. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेत. म्हणजे खुर्चीवर कोण बसतो यानं फरक पडतो. मताचा हक्क बाबासाहेबांनी भांडून मिळवून दिला. तो पाचशे रुपयांना विकणारा मूर्ख आणि तो फुंकून टाकणारा निराश, दोघंही सत्ताधाऱ्याला सारखेच सोयीचे.

पण आरेसाठी जी गर्दी झाली ती माहुलसाठी झाली नाही, हेही लिहून ठेवा. 2017 मध्ये तानसा पाइपलाइनलगतची घरं तोडली. कारण काय? शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षा. मग त्या माणसांना कुठं पाठवलं? माहुलला, रिफायनऱ्यांच्या तोंडाशी. तिथं 17,205 घरं बांधून तयार होती. शहराचं पाणी सुरक्षित राहावं म्हणून माणसांना विषारी हवेत ढकललं. आणि तिथली हवा वाईट आहे, हे आधीच ठाऊक होतं. हरित लवादानं 2015 च्या डिसेंबरातच तिथलं प्रदूषण आरोग्याला धोक्याचं आहे, असं म्हटलेलं होतं.

ती माणसं काय करत बसली? 2018 च्या ऑक्टोबरात ती उठली आणि विद्याविहारला त्याच पाइपलाइनजवळ फुटपाथवर येऊन बसली. पोरंबाळं घेऊन, स्टोव्ह घेऊन, शाळेची दप्तरं घेऊन. पावसाळा काढला. त्यांच्यामागं ना आमदार होता, ना निकाल होता, ना वर्तमानपत्राचं पहिलं पान होतं. कोर्टात कागद चालू, फुटपाथवर माणसं चालू. 2019 मध्ये हायकोर्टानं सांगितलं, यापुढं कुणाला माहुलला पाठवायचं नाही. आणि ज्यांना पाठवलंय त्यांना दुसरं घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. हे कुठल्या निवडणुकीनं दिलं नाही. फुटपाथवर बसलेल्या बायकांनी ते ओढून घेतलं.

गोष्ट इथं संपली असं समजू नका. सगळी माणसं बाहेर निघाली नाहीत. आणि 2025 मध्ये पालिकेनं त्याच माहुलमधली 9,098 घरं विकायला काढली. कुणाला? स्वतःच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना. किंमत 12 लाख 60 हजार. चौथी श्रेणी म्हणजे कोण, हे आपल्याला सांगायला नको. जो झाडू मारतो, जो गटारात उतरतो, त्यालाच सांगितलं, ही हवा तू विकत घे, कर्ज काढून घे. कामगार फारसे फिरकले नाहीत. त्यांनी कुठला ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही. घर नको म्हणाले. मुंबईत घर नको म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्या नकारात जी समज आहे, ती आमच्या कित्येक पुढाऱ्यांत नाही.

म्हणून पोरा, तुला एवढंच सांगायचंय. तू निकालावर आशा टांगली होतीस, म्हणून निकालाबरोबर ती पडली. चूक तुझी एकट्याची नाही. आम्ही तुला दोन महिने फक्त प्रचार शिकवला. सह्या घेतल्या आणि सही करणाऱ्याच्या घरी परत गेलो नाही. मावशीनं पाचशेची नोट घेतली म्हणून तू चिडतोस. तिच्या दारात आपण पाच वर्षांत किती वेळा गेलो, ते आधी मोज.

आता काय करायचं ते मांडतो. पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं होतं. त्यातलं एम-पूर्वला काय आलं, ते कागद मागवून गल्लीत फळ्यावर लिहायचं. पुढच्या वर्षीचंही लिहायचं. हवा मोजण्याचं यंत्र कुठं बसवलंय, महिन्यात किती दिवस चालतं, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. नवा नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, त्याला वस्तीत बोलवायचं, खुर्ची डंपिंगच्या तोंडाशी ठेवायची आणि बोल म्हणायचं. 185 लाख टन कचरा उपसणार असतील तर त्या कामावर पहिला हक्क कचरा वेचणाऱ्या बायकांचा. मास्क, हातमोजे, ओळखपत्र आणि पुरा पगार घेऊनच. कचरावेचकांना सामावून घ्या, असं 2016 च्या नियमांनी पालिकांना सांगितलं होतं. ती नियमपुस्तिका आपणच वाचली नाही. आणि तो डोंगर साफ झाल्यावर त्या जमिनीवर काय होणार, हे तिथं पिढ्यानपिढ्या धूर खाल्लेल्यांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

यानं पृथ्वीचं तापमान उतरेल का? आम्ही खोटं बोलणार नाही. एका वॉर्डातल्या पोरांनी ते उतरत नाही. पण उद्या समुद्र चढला, पाऊस 2005 च्या 26 जुलैसारखा एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला, तर पहिलं पाणी कुणाच्या घरात शिरणार आणि नंतर गाळ उपसायला कुणाला बोलावणार, हे ठरलेलं आहे. समुद्र येऊ दे, असं आपण म्हणू शकत नाही. तो आधी आपल्याकडंच येतो.

दुबईला जायचं तर जा. पोट आहे, घरी बहीण शिकतेय, कुणी तुला नाव ठेवणार नाही. पण निराश होऊन जाऊ नकोस. आणि जाईपर्यंत हातात जेवढे दिवस आहेत तेवढे दे.

येत्या रविवारी सकाळी दहाला बैठक आहे. फळा आणलाय. खडू तू आण.

जय भीम.